सीधा, की पिस्तौल?

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर शस्त्रं मांडतात. शस्त्रं म्हणजे काय, तर म्यानात कायमची अडकून बसलेली एक तलवार, आईची विळी, माझा पाने-पेचकसांचा डबा, चिरंजीवांचा लॅपटॉप आणि मागे भिंतीला टेकवलेली आजोबांची विंचेस्टर रायफल. गेल्या वर्षी विळीला गंध लावायला वाकलो आणि माझं कोपर रायफलला लागलं. घसरली, फरशीवर पडली. आवाज फार नाही, नारळ फुटतो तेवढा. उचलली तर दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, चापाच्या मागे, अगदी बारीक होतो तिथे उभा चिरलेला. नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे, मध्ये लाकडाच्या दोन-चार शिरा.

अण्णा, म्हणजे माझे काका, वय चौऱ्याऐंशी, रायफल त्यांच्या परवान्यावर. ते एवढंच म्हणाले, "मनगट मोडलं." मला वाटलं माझ्या हाताबद्दल बोलताहेत. पण दस्त्याच्या त्या बारीक जागेला इंग्रजीतही मनगटच म्हणतात. हात तिथेच धरतो, आणि मोडायचं झालं की बहुतेकदा तिथेच मोडतं.

या रायफलीची काडतुसं अण्णांच्या तरुणपणीच संपली. त्यानंतर ती कोणी उडवलेली नाही. तरी ती मोडकी ठेवणं आमच्या घरात शक्य नव्हतं, आणि ग्वाल्हेरात तर नव्हतंच. इथे बंदूक ही वस्तू कमी आणि इभ्रत जास्त. लग्नाच्या वरातीत दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, खांद्यावर टाकून चालणारे मामा-काका आम्ही लहानपणापासून बघतोय. हवेत बार काढला तर २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून आता नुसतीच मिरवतात. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती. ही गोष्ट मी पुण्याच्या पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. मग मी हसत नाही हे बघून गप्प होतात.

तर परवाना, आधारची झेरॉक्स आणि गादीच्या जुन्या खोळीत गुंडाळलेली रायफल घेऊन मी आणि अण्णा रिक्षाने बंदूकवाल्याकडे गेलो. दुकानात मागच्या बाजूला मिस्त्री बसतो. त्याच्या हाताखालून सदानकदा बारा बोरच्या दुनाल्या आणि तीनशे पंधरा बोरच्या रायफली जातात. आमचं खोळीतलं प्रकरण बाहेर आलं तसा तो उठून उभाच राहिला. "अरे, ये तो पिक्चरवाली है!"

त्याने तुटका दस्ता नाकाजवळ नेला आणि वास घेतला. बोटाचं नख मोडलेल्या जागेत दाबलं. नख आत गेलं. लाकूड काळं पडलेलं, हलव्यासारखं मऊ. "तेल पिला-पिला के मार दिया इसको." मग समजावून सांगितलं. दर दसऱ्याला आम्ही यंत्रात तेल सोडायचो आणि रायफल कपाटात दस्त्यावर उभी करून ठेवायचो. पन्नास-साठ वर्षं ते तेल हळूहळू खाली झिरपत मनगटाच्या लाकडात मुरत गेलं. माझं कोपर निमित्तमात्र. नळी खाली करून ठेवली असती तर कदाचित पडूनही वाचली असती. अण्णा छताकडे बघायला लागले, कारण तेल घालण्याचा मान दरवर्षी त्यांचा.

निघताना मिस्त्रीने विचारलं, "नया अखरोट का बनेगा. सीधा बनाऊँ, या पिस्तौल? सोचके बताइए, लकडी आने में पंद्रह दिन हैं."

ते पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

प्रश्न साधा आहे. सरळ दस्ता म्हणजे चापाच्या मागून खांद्यापर्यंत एकाच ओघात गेलेलं लाकूड, काठीसारखं. पिस्तूल मूठ म्हणजे चापाच्या मागे लाकडाला खाली बाक दिलेला, मुठीत मावेल असा. आमची रायफल सरळवाली. १८९४ चं मॉडेल, जॉन ब्राउनिंग या अमेरिकी बंदूक-रचनाकाराच्या डोक्यातून निघालेलं, ७० लाखांच्या वर बनलेलं. कंपनीला नाव देणारा ऑलिव्हर विंचेस्टर मुळात शर्ट बनवणारा होता हे कळल्यापासून बायकोचा रायफलीवरचा राग जरा कमी झालाय.

अण्णा अर्थातच सरळच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, ही रायफल घोड्यावरच्या माणसासाठी आहे. खोगिराला कातडी खोळ लटकवायची, त्यात ती खोचायची, लागली की एका झटक्यात ओढायची. बाक असला की तो अडकतो. शिवाय लिव्हर. चापाभोवतीची ती लोखंडी कडी तीन बोटांनी खाली-पुढे ढकलायची की रिकामं काडतूस वरून उडतं, परत ओढली की नवं नळीत जातं. हे करताना हात दस्त्यावरून सुटतो आणि परत येतो. सरळ दस्त्यावर तो जिथे येईल तिथे बसतो. दुनालीलाही म्हणूनच विलायतेत सरळ दस्ता करायचे, दोन चाप असले की पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मूठ थोडी मागे सरकायला हवी. हे सगळं अण्णांनी छत्री हातात घेऊन, दिवाणखान्यात उभं राहून, कोपर खांद्याइतकं वर काढून दाखवलं. झुंबर थोडक्यात वाचलं.

चिरंजीव पिस्तूलवाले. त्याने फोनवर दोन दिवसांत जे वाचलं ते आमच्या तीन पिढ्यांना ठाऊक नव्हतं. विंचेस्टरनेच १९३३ साली मॉडेल ६४ काढलं, त्याला बाकदार मूठ. मार्लिन या दुसऱ्या कंपनीची ३३६ आली १९४८ साली, तीही बाकदार. शिवाय मार्लिनमध्ये रिकामं काडतूस बाजूने पडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसवता येते. आपल्या जुन्या ९४ मध्ये ते थेट वर उडतं, दुर्बिणीवर आपटेल. "म्हणजे बाबा, ज्यांना बसून, टेकून, निवांत नेम धरायचाय त्यांनी पिस्तूल घेतली. धक्का बसतो तेव्हा मूठ पकडून रायफल खांद्यात ओढून धरता येते. सरळवर अंगठा वरून पलीकडे टाकला तर तो नाकावर येतो."

"म्हणून अंगठा बाजूलाच ठेवायचा असतो," अण्णा.

"पण मुळात उडवायचीच नाहीये ना ती?" बायको. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मला मात्र हा वाद तिच्याच ओट्यापाशी कळला. हवं तर तुम्हीही करून बघा. लाटणं मुठीत धरा आणि हात समोर लांब करा. मनगटावर जोर न देता. लाटणं हाताशी काटकोनात उभं राहत नाही, वरचं टोक थोडं पुढे कलतं. मुठीची ती नैसर्गिक तिरीप. आता लाटणं हाताच्या रेषेतच आडवं आणायचा प्रयत्न करा, सरळ दस्त्यासारखं. कोपर कमरेशी असेल तर मनगट मुरगळतं. पण कोपर वर उचला, अण्णांनी छत्री धरली तसं, आणि मनगट आपोआप सैल होतं. म्हणजे सरळ दस्ता उभ्या माणसाचा, कोपर हवेत असलेल्याचा. बाकदार मूठ बसलेल्याचा, पोटावर पडलेल्याचा, कोपरं टेकलेल्याचा. यात बरं-वाईट काही नाही. मी दिवसभर कोपरं टेबलावर टेकून काम करतो. चिरंजीवही. आमच्या घरात उभं राहून राबणारी एकच व्यक्ती, आणि ती लाटणं परत मागत होती.

त्या पंधरवड्यात मला जिकडेतिकडे मुठी दिसायला लागल्या. पेचकस सरळ, ड्रिल मशीन पिस्तूल. लांब छत्रीला आकडा, घडीच्या छत्रीला दांडुका. आमच्या त्या अडकलेल्या तलवारीची मूठ मी पहिल्यांदाच नीट हातात घेतली. मुठीच्या टोकाला चकती असते ना, ती मनगटाला टेकते आणि मनगट फार हलूच देत नाही. वार खांद्यातून यावा, ओढून कापावं, अशी ती रचना. इतकी वर्षं मला वाटायचं पूर्वजांचे हात लहान होते.

पंधरा दिवसांनी मी आणि अण्णा परत दुकानात. घरात मतदान होऊन दोन विरुद्ध दोन पडलेलं. आई सरळकडे, का तर "आधी होतं तसं असू दे." बायको शेवटी पिस्तूलकडे, का तर लेकाचा चेहरा पडलेला तिला बघवत नाही. निर्णायक मत माझं, आणि ते मी रिक्षात बसेपर्यंत ठरवलेलं नव्हतं.

मिस्त्रीने अक्रोडाची फळी समोर ठेवली आणि तिच्यावरच्या रेषांवरून अंगठा फिरवला. मनगटाच्या जागी रेषा लांबीला लांब जायला हव्यात. बाक दिला की त्या मध्येच तुटतात, मग फळीतून तुकडा कसा काढायचा याचा दहादा विचार करावा लागतो. मी विचारलं, तू स्वतः कुठली मूठ पसंत करतोस? त्याने एका हातात कानस उचलली, दुसऱ्या हातात करवत. कानशीची मूठ सरळ, करवतीची बाकदार. "दिनभर दोनों चलाता हूँ."

मग त्याने आमच्या रायफलीचा खोललेला सांगाडा पुढे केला. यंत्राच्या मागे लोखंडाच्या दोन पट्ट्या शेपटीसारख्या निघतात, एक वर, एक खाली, आणि दस्ता त्या दोन्हींमध्ये बसून एका आरपार स्क्रूने आवळला जातो. "नीचेवाली देखिए." खालची पट्टी सरळ होती, फूटपट्टीसारखी. तिच्याखालची लिव्हरही सरळ. पिस्तूलवाल्या रायफलीत ही खालची पट्टी बाकाबरोबर वाकलेली असते, आणि लिव्हरची कडीही तशीच वळवलेली. म्हणजे नुसतं लाकूड बदलून भागत नाही, लोखंड बदलावं लागतं. आणि विंचेस्टरचं ते लोखंड ग्वाल्हेरात कोण देणार?

"म्हणजे पिस्तौल होणारच नव्हता?"

"नहीं भाईसाब."

"मग विचारलंस कशाला?" हे मी मराठीतच बोलून गेलो. त्याला कळलं.

"पूछना तो पडता है. सीधा कह देते तो ठीक. पिस्तौल कहते तो मना कर देता."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुकानदाराने पाणी आणलं. चिरंजीवांना काय सांगायचं या विचारात मी असतानाच मिस्त्रीने खरा प्रश्न काढला. "नाप किसका लूँ?"

जुन्या दस्त्याची लांबी आजोबांच्या हाताची. आजोबा ठेंगणे होते. परवाना अण्णांचा, पण अण्णांचे हात आता थरथरतात, आणि खांदाही पूर्वीच्या जागी राहिलेला नाही. दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या आतल्या खळग्यात ठेवायचं आणि बोट चापावर कुठे पडतं ते बघायचं, अशी मिस्त्रीची माप घ्यायची रीत. तो टेप घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघत उभा.

अण्णांनी माझ्याकडे हात केला.

मी बाही वर केली. मिस्त्रीने लाकडाचा एक नमुना माझ्या कोपरात टेकवला, माझं बोट धरून खिळ्याच्या चापावर ठेवलं, टेप लावला. "साढे तेरह." कागदावर लिहिणार तेवढ्यात अण्णांनी त्याला थांबवलं.

"असं नाही. शर्टावर घेतलेलं माप जानेवारीत लांब पडतं, खांद्याशी अडकतं." मग माझ्याकडे वळून, "उद्या स्वेटर घालून ये."

बाहेर ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. घरी येऊन मी माळ्यावरून लोकरीच्या कपड्यांची ट्रंक खाली काढली.