तुम्ही विचारलंत म्हणून: गोधडी येते, तर गिल्डच्या नव्या वर्षात सुरुवात कुठून करू?

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या मराठी मैत्रिणींकडून हा प्रश्न हमखास येतो. "आईकडून गोधडी शिकलेय, मशीनही चालवता येतं. गावातल्या क्विल्ट गिल्डचं वर्ष सप्टेंबरपासून सुरू होतंय. जायचं तर आधी काय शिकून जाऊ आणि तिथे कशाकशात नाव देऊ?" क्विल्ट गिल्ड म्हणजे कापडाचे तुकडे जोडून पांघरुणं (क्विल्ट) शिवणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ. थोडक्यात उत्तर असं: घरी बसून पाव इंचाची शिवण पक्की करा आणि पहिल्या वर्षी नाव एकाच उपक्रमात द्या. आता हे असं का, ते सविस्तर.

सगळ्याच गिल्डांचं वर्ष सप्टेंबरला सुरू होत नाही, काहींचं जानेवारीला होतं. सप्टेंबरवाल्यांचं जूनमध्ये संपतं आणि उन्हाळ्यात सुट्टी असते. महिन्यातून एक सभा, बहुधा चर्चच्या हॉलमध्ये, लायब्ररीत किंवा सिनियर सेंटरमध्ये. मोठ्या गिल्डमध्ये दिवसाची सभा वेगळी आणि संध्याकाळची वेगळी असते. नोकरी असेल तर आधी तेवढं विचारून घ्या. वर्षाची वर्गणी साधारण ३० ते ६० डॉलर. ती हॉलचं भाडं, बाहेरून बोलावलेल्या वक्त्यांचं मानधन आणि विमा यांत जाते. वर्गणी भरण्याआधी एक सभा पाहुणी म्हणून बसून पाहा, त्याला थोडेच पैसे पडतात. भाषण कसं झालं यापेक्षा शेवटच्या 'शो अँड टेल'कडे नीट लक्ष द्या. सदस्य काय शिवून आणतात आणि त्यावर काय बोलतात, यावरून आपलं तिथे जमेल की नाही ते अर्ध्या तासात समजतं.

गिल्ड म्हणजे रिकामटेकड्या बायकांचा क्लब, असं घरचे म्हणत असतील तर त्यांना सॅन होजेचं म्युझियम ऑफ क्विल्ट्स अँड टेक्स्टाइल्स दाखवून आणा. ते १९७७ मध्ये सुरू झालं, ते सांता क्लारा व्हॅलीतल्या क्विल्ट असोसिएशनच्या सदस्यांनी काढलं म्हणून.

आता पाव इंच. गोधडी येणाऱ्यांची इथेच अडचण होते आणि ती हात कच्चा असल्यामुळे होत नाही. गोधडीत जुन्या सुती साड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे आणि कडेनं सुरू करून धावदोरा घालत आत यायचं. तुकडा बोटभर मोठा झाला तर दुमडला, कमी पडला तर शेजारचा त्यावर चढवला. मापातला फरक तिथल्या तिथे जिरतो. गिल्डमध्ये तुमचा ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक चौकोन, दुसऱ्या अकरा जणींच्या ब्लॉकना जोडला जाणार असतो. इतरांना जोडायच्या आधी तो साडेबारा इंच हवा म्हणजे साडेबाराच हवा (जोडल्यावर १२ उरतो). सगळीकडे माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पाव इंच धरलेली असते, नमुन्यात ती वेगळी सांगतही नाहीत.

हिशेब करून पाहा. १२ इंची ब्लॉकमध्ये एका ओळीत ६ तुकडे असतील तर शिवणी ५. प्रत्येक शिवणीत माया फक्त १/१६ इंच जास्त गेली, तर दोन्ही बाजू मिळून १/८ इंच कापड कमी होतं. पाच शिवणींत ५/८ इंच गेलं. साडेबाराचा ब्लॉक १२ च्याही आत आला. ओढून-ताणून शेजारच्या ब्लॉकला जुळवला तर मधे फुगतो आणि क्विल्टिंग करताना, म्हणजे सगळे थर एकत्र शिवताना, त्या फुगवट्याची चुणी पडते.

माया तपासायची सोपी पद्धत आहे. दीड इंच रुंद आणि ४ इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा. लांबीच्या बाजूनं शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मोजा. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि सगळ्याची रुंदी साडेतीन इंच भरायला हवी. मधली १ इंचापेक्षा कमी भरली तर माया जास्त जातेय, जास्त भरली तर कमी. बहुतेकींची जास्तच जाते, कारण शिवण उलटवून दाबली की घडीतच धागा-दोन धागे कापड जातं. म्हणून सुई पाव इंचाच्या किंचित आत, म्हणजे कापडाच्या कडेकडे, एक-दोन धाग्यांएवढी, हवी. पाव इंची प्रेसर फूट (मशीनचा कापड दाबणारा पाय) विकत आणला म्हणजे काम झालं असं नाही. त्यावरही सुई एखाद्या खाचेनं उजवीकडे सरकवावी लागते. माप जुळलं की मशीनच्या बेडवर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवा, कापडाला टेकायला कड मिळते. जाड दोराही माप खातो. ५० वेटचा सुती दोरा, ८० नंबरची सुई आणि २ ते अडीच मिलिमीटरचा टाका ठेवा.

कापताना होणारी चूक वेगळीच. नव्या माणसाच्या लांब पट्ट्या उघडल्या की मधोमध कोपरासारख्या वाकलेल्या निघतात. कापड दुमडून ठेवलं होतं, पण कापलेली कड घडीशी काटकोनात नव्हती, म्हणून असं होतं. दर तीन-चार पट्ट्यांनंतर रूलरची आडवी रेघ घडीवर ठेवून कड पुन्हा सरळ करून घ्या. माप रूलरवर वाचा, खाली अंथरलेल्या कापायच्या मॅटवरच्या रेघांवर विसंबू नका. ६ बाय २४ इंचाचा रूलर, १८ बाय २४ ची मॅट आणि ४५ मिलिमीटरचा रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. मॅट उन्हात गाडीत ठेवलीत तर वाकते आणि पुन्हा सपाट होत नाही. कटर हातातून खाली ठेवताना पातं मिटायची सवय लावून घ्या; गिल्डच्या टेबलावर इतरांचेही हात फिरत असतात.

त्रिकोणी तुकड्यांची भीती बाळगू नका, फक्त थोडं मोठं कापायला शिका. दोन रंगांच्या त्रिकोणांचा चौकोन शिवून झाल्यावर २ इंच हवा असेल, तर पुस्तकी हिशेबानं चौकोन २ ७/८ इंचाचे कापायचे असतात. तुम्ही सरळ ३ इंचाचे घ्या, कर्णाच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंचावर शिवा, कर्णावर कापा आणि उघडून अडीच इंचावर छाटा. थोडं कापड वाया जातं, पण माप चुकत नाही. इस्त्री वरून दाबून उचलायची, घासायची नाही. कर्णावर कापड उरेब असतं, त्यामुळे ते ओढलं की ताणतं, आणि वाफ असेल तर आणखीच.

कापडाबद्दल दोन शब्द, कारण भारतातून आणलेलं कापड सगळ्यांच्या कपाटात असतं. ब्लॉक अदलाबदलीत, म्हणजे एकमेकींसाठी ब्लॉक शिवताना, फक्त सुती क्विल्टिंगचं कापड वापरा. त्याचा पन्ना ४२ ते ४४ इंच असतो, काठ सोडून ४० धरा. फॅट क्वार्टर नावानं विकतात तो तुकडा १८ बाय २२ इंचाचा. हँडब्लॉक छपाईचं कापड, त्यातही लाल आणि नीळ, आधी गरम पाण्यात धुऊन पांढऱ्या फडक्यावर ओलं दाबून बघा. रंग उतरला तर ते कापड दुसऱ्याच्या क्विल्टमध्ये जाता कामा नये. खण सुंदर दिसतो, पण विणीतून दोरे सुटतात आणि पाव इंच माया दोन धुण्यांत उसवते. शिवाय हल्लीच्या पुष्कळ खणांत कृत्रिम धागा असतो, तो सुती कापडाच्या इस्त्रीवर आक्रसतो. जरीच्या काठानं कटरचं पातं बोथट होतं ते वेगळंच. खण-इरकल वापरायचंच तर स्वतःच्या क्विल्टमध्ये वापरा आणि मागून पातळ फ्युजिबल इंटरफेसिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) चिकटवून मगच कापा.

एवढं हातात बसलं की मग सप्टेंबरच्या त्या टेबलाकडे वळा. पहिल्या सभेत दाराजवळ नावं नोंदवायचे कागद मांडलेले असतात: ब्लॉक ऑफ द मंथ, राउंड रॉबिन, अर्धवट कामांचं यूएफओ चॅलेंज, चॅरिटी, लायब्ररी, चहापाणी. सगळेच आवडतात आणि नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगची धांदल सुरू झाली की त्यातलं एकही धड होत नाही. नव्या माणसानं ब्लॉक ऑफ द मंथ घ्यावं. महिन्याला एक ब्लॉक म्हणजे वर्षाअखेर ९ किंवा १० ब्लॉक हातात, आणि दर महिन्याला एक नवं तंत्र.

राउंड रॉबिन पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका. त्यात तुमचा मधला ब्लॉक एकीकडून दुसरीकडे फिरतो आणि प्रत्येक जण त्याला एक चौकट जोडते. एकीला उशीर झाला की सगळी साखळी थांबते. शिवाय मधला ब्लॉक काटकोनात नसेल तर पुढची प्रत्येक चौकट वाकडी बसते आणि ते निस्तरायला दुसऱ्याच कुणाला बसावं लागतं. यूएफओ चॅलेंजमध्ये दर महिन्याला एक आकडा काढतात आणि तुमच्या यादीतलं त्या आकड्याचं काम पुढच्या सभेपर्यंत करायचं असतं. नाव द्यायचंच असेल तर यादीत 'निळा क्विल्ट पूर्ण करणे' असं लिहू नका. 'निळा: मागची बाजू जोडणे', 'निळा: बाइंडिंग' (कडेची पट्टी) असं तोडून लिहा, म्हणजे चार आठवड्यांत होईल.

चॅरिटीचं काम आपल्या लोकांना जवळचं वाटतं, पण तिथेही आधी माप विचारा. लष्करात सेवा केलेल्यांना क्विल्ट देणारं क्विल्ट्स ऑफ व्हॅलर हे काम २००३ मध्ये सुरू झालं. त्यांना ६० बाय ८० इंचाच्या आसपासचा क्विल्ट हवा असतो. हातानं किंवा मशीननं क्विल्टिंग केलेलं चालतं, नुसत्या गाठी मारून बांधलेलं चालत नाही. मुलांसाठी पांघरुणं देणारं प्रोजेक्ट लायनस १९९५ पासूनचं. तिथे नवीन आणि मशीनमध्ये धुता येईल असंच पांघरूण घेतात, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, कितीही मऊ असली तरी, चालणार नाही.

६० बाय ८० चं सामान किती लागतं हेही खूप जणी विचारतात. क्विल्टिंग लाँगआर्म मशीनवाल्या (अख्खा क्विल्ट ताणून शिवणारं मोठं मशीन असलेल्या) बाईकडे देणार असाल तर मागचं कापड आणि बॅटिंग (मधला मऊ थर) चारही बाजूंनी ४ इंच जास्त हवं, म्हणजे ६८ बाय ८८. पन्ना ४२ असल्यानं ८८ इंचाचे दोन तुकडे उभे जोडायचे, त्याला ५ यार्ड लागतं. बाइंडिंगला परीघ २८० इंच, कोपरे आणि जोड धरून २९२. अडीच इंची पट्ट्या ८, म्हणजे ५/८ यार्ड. मागचं कापड मापाला नेमकं दिलंत तर ती बाई परत पाठवेल. कडेला क्लँप लावायला जागाच उरत नाही, त्यात तिचा दोष नाही.

गिल्डचा शो वसंतात असेल तर कॅलेंडर उलटं मोजा. शो एप्रिलमध्ये असेल तर नोंदणी हिवाळ्यातच बंद होते आणि लाँगआर्मवाल्यांकडे तेव्हा दोन-तीन महिन्यांची रांग असते. म्हणजे क्विल्टचा वरचा भाग डिसेंबरमध्ये जोडून व्हायला हवा. टांगण्यासाठी मागे ४ इंची कापडी नळी लागते, त्यासाठी साडेआठ इंचाची पट्टी कापून दुहेरी शिवायची. बाइंडिंगबरोबरच तिची वरची कड शिवून टाका, म्हणजे शोच्या आदल्या रात्री ते काम उरत नाही.

घरची गोधडी असेल तर ती मात्र पहिल्याच वर्षी शो अँड टेलला न्या. धुऊन नेऊ नका, जुनं कापड मशीनमध्ये विरतं. वरचे दोन कोपरे धरायला दोघींना बोलवा आणि मिनिटभरात सांगा: आत साड्यांचे किती थर, कोणी शिवली, धावदोऱ्याच्या ओळींत किती अंतर. मग उलटी करून मागची बाजू दाखवा. टाके तिथेच नीट दिसतात आणि सगळ्या जणी तेच बघायला पुढे येतात. बहुतेक गिल्डांत हातकामाचा एक छोटा गट असतो. जाड, म्हणजे ८ किंवा १२ नंबरच्या पर्ल कॉटन दोऱ्यानं मोठे टाके घालायची इथे सध्या बरीच हौस आहे आणि धावदोरा सरळ कसा ठेवायचा हे तुम्ही त्यांना शिकवू शकता. गटात थोडं दमानं घ्या एवढंच: त्यांच्या क्विल्टमध्ये बॅटिंग असते, सुती थर नसतात, त्यामुळे टाका ओढून घट्ट केला की बॅटिंग दबते आणि ओळीला चुण्या पडतात.

शनिवारच्या शिवणदिवसाला जाताना काय न्यायचं, हा शेवटचा प्रश्न. मशीन, त्याचं पेडल आणि वायर (हे घरी विसरणारे फार), भरलेल्या चार बॉबिन, एक्स्टेन्शन कॉर्ड, आणि ब्लॉकचे तुकडे घरीच कापून. मशीन भारतातून आणलेलं २२० व्होल्टचं असेल तर नेऊ नका, इथल्या १२० व्होल्टवर मोटर नीट ओढत नाही. इस्त्री विचारल्याशिवाय नेऊ नका. हॉलच्या १५ अँपिअरच्या एका सर्किटवर १५०० वॅटची एकच इस्त्री कशीबशी चालते. दुसरी लावली की ब्रेकर पडतो, त्या भिंतीवरची सगळी मशीनं बंद होतात आणि ब्रेकरच्या खोलीची किल्ली शनिवारी बहुधा कुणाकडेच नसते.