8 पैकी 6
जिप्सीला नवे ॲडजस्टेबल शॉकअप टाकले, म्हणून आज आई-बायकोसह मुळशीला. डांबरीवर शॉकअपचा कडकपणा ठरवणारे नॉब 8 पैकी 6 वर, गाडी एकदम घट्ट. कच्च्या रस्त्याला लागलो आणि बायकोच्या मांडीवरचे पोहे डब्याबाहेर! उतरलो, चाकामागे हात घालून चारही नॉब 2 वर आणले (नखं अजून काळी आहेत). स्प्रिंग तीच, उंची तीच. फक्त शॉकअपच्या आतल्या तेलाची वाट मोकळी झाली. टायरची हवाही थोडी काढली. दगड तेच, पण आता गाडी आदळत नव्हती, डुलत होती.

परतताना हवा भरली, नॉब मात्र आळसाने तसेच. पिरंगुटच्या घाटात पहिल्याच वळणावर मागून आई, "अरे, होडीत बसलोय का आपण?"

थांबलो. नॉब 5 वर.