बेस गिटार नसलेली रेकॉर्ड

जुन्या रेकॉर्ड्सचे डिजिटल रूपांतर करून देणे हा माझा व्यवसाय आहे. माझ्याकडे येणाऱ्या कामात नाट्यसंगीत, भावगीते आणि घरगुती समारंभांच्या टेप्स यांचाच भरणा असतो. परदेशी रॉक आलेच तर ते पिंक फ्लॉइड किंवा डीप पर्पल यांच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे ठाण्याच्या एका बाईंनी आपल्या दिवंगत मामांच्या रेकॉर्ड्सचा खोका आणून ठेवला, तेव्हा त्यात फार काही वेगळे निघेल असे मला वाटले नव्हते. मामा व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते आणि जहाज ज्या बंदराला लागेल तिथून रेकॉर्ड्स विकत घेत, एवढेच बाईंना ठाऊक होते. वरची तीन-चार कव्हरे पाहिली आणि त्या दिवशीची इतर कामे मी सरळ बाजूला सारली.

खोक्यात ॲटॉमिक रूस्टर, क्रेसिडा, टी-टू, कॅप्टन बियाँड आणि जपानचा फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड अशा बँड्सच्या अल्बमचा ऐवज होता. सगळे अल्बम १९७० ते १९७२ या काळातले, म्हणजे दणदणीत गिटारचे हेवी रॉक आणि लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे प्रोग्रेसिव्ह रॉक यांच्या वाटा अजून पुरत्या वेगळ्या झाल्या नव्हत्या तेव्हाचे. आणि ब्लॅक सॅबथ, येस, किंग क्रिमसन अशा मोठ्या नावांच्या गर्दीत मागे पडलेले.

सुरुवात ॲटॉमिक रूस्टरच्या १९७० सालच्या ‘डेथ वॉक्स बिहाइंड यू’पासून केली. कव्हरवर विल्यम ब्लेकने काढलेले, हातापायांवर रांगणाऱ्या नेबुखद्नेझर राजाचे चित्र आहे. रेकॉर्ड धुऊन, वाळवून सुई टेकवली. थोड्याच वेळात माझा मदतनीस म्हणाला, “सर, कार्ट्रिजची, म्हणजे सुई बसवलेल्या भागाची, वायर सैल झाली असेल का? खालचे सूर देणारी बेस गिटार कुठेच ऐकू येत नाहीये.” त्याचा कान तयार आहे आणि त्याने ऐकले ते अगदी बरोबर होते, कारण या रेकॉर्डवर बेस गिटार मुळात नाहीच. पहिल्या अल्बमनंतर बँडचा बेस वाजवणारा आणि गायक निक ग्रॅहम बाहेर पडला, ड्रमर कार्ल पामर पुढे इमर्सन, लेक अँड पामरमध्ये गेला, आणि बँडचा ऑर्गनवादक व्हिन्सेंट क्रेन याने खालच्या सुरांची जबाबदारी स्वतःच्या हॅमंड ऑर्गनवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यावरच घेतली. गिटारला जॉन डू कॅन, ड्रम्सना पॉल हॅमंड, बस्स. तारेला छेडल्यावर येणारा ठोसा या खर्जात नाही. तो पुराच्या पाण्यासारखा खालून चढत येतो, आणि मला तर या अल्बमचा निम्मा दरारा त्यातच आहे असे वाटते.

खरी अडचण पुढे आली. खरखर काढणारे सॉफ्टवेअर आपोआप चालू दिले की ते टोकदार, क्षणिक आवाज शोधून पुसून टाकते. हॅमंड ऑर्गनची पट्टी दाबली की तिच्याखालचे विजेचे नऊ संपर्क अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत आणि सुराच्या आरंभी एक बारीक ‘टक्’ उमटतो. वाद्य बनवणाऱ्यांना तो दोष वाटे, रॉक आणि जॅझ वाजवणाऱ्यांना मात्र तोच हवाहवासा झाला. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही. आम्ही एक तुकडा तसा करून पाहिला, तर क्रेनचा ऑर्गन मऊ, बोळक्या तोंडाचा झाला. मग मी मदतनिसाला स्क्रीनवर दाखवले की आडव्या चऱ्याचा आवाज तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे ३३⅓च्या वेगाने दर १.८ सेकंदांनी, पुन्हा येतो आणि ऑर्गनचा ‘टक्’ फक्त सुरासोबत येतो. त्यानंतर दोन्ही बाजू हातानेच साफ केल्या.

क्रेसिडाच्या ‘असायलम’ने दुसरा पेच टाकला. व्हर्टिगो कंपनीच्या त्या काळच्या ब्रिटिश रेकॉर्ड्सवर एका बाजूच्या लेबलभर नुसते काळे-पांढरे भोवरे असतात आणि सगळा मजकूर दुसऱ्या बाजूला छापलेला असतो. मदतनिसाला ती चुकीची छपाई वाटली. शेवटच्या कोऱ्या चरात कोरलेला क्रमांक भिंगाखाली धरून बाजूंची खात्री करून घेतली. संगीत ऑर्गनप्रधान, सुरेल, काही ठिकाणी वाद्यवृंदाची जोड असलेले. कर्कश गिटारची धास्ती असणाऱ्याने इथून सुरुवात करायला हरकत नाही.

टी-टूच्या १९७० सालच्या, गाजायला हवा होता अशा अल्बमची दुसरी बाजू म्हणजे एकवीस मिनिटांची एकच रचना. शब्द बेताचेच आहेत, पण कीथ क्रॉसची गिटार ऐकताना तो तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा होता यावर विश्वास बसत नाही.

कॅप्टन बियाँडचा १९७२ सालचा पहिला अल्बम मला खोक्यातला सर्वांत पक्का वाटला. डीप पर्पलचा पहिला गायक रॉड इव्हान्स, आयर्न बटरफ्लायमधले लॅरी राइनहार्ट आणि ली डॉर्मन, आणि जॉनी विंटरसोबत वाजवलेला ड्रमर बॉबी कॉल्डवेल अशी ही चौकडी. ऑलमन ब्रदर्ससारख्या दक्षिणी रॉकसाठी ओळखल्या जाणाऱ्या कॅप्रिकॉर्न कंपनीकडे ते गेले आणि तिथल्या पंगतीत हे विषम मात्रांचे, वळणावळणाचे संगीत परकेच राहिले. गाणी एकमेकांत इतकी मिसळली आहेत की बाईंना हवी होती तशी प्रत्येक गाण्याची वेगळी फाइल करणे म्हणजे चालत्या माणसाचा पाय उचललेला असताना फोटो काढणे. त्यांच्या परवानगीने प्रत्येक बाजूची एक सलग फाइल केली.

संध्याकाळी फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडचा १९७१ सालचा ‘सातोरी’ लावला. पाच भाग, नावे नाहीत, फक्त क्रमांक. जो यामानाकाची टिपेची हाक आणि हिदेकी इशिमाच्या गिटारचे पौर्वात्य वळणाचे सूर ऐकून मदतनीस हातातले काम सोडून बसला. हे ऐकायला मात्र चांगला स्पीकर हवा. मोबाइलवर त्याचा निम्मा जोर हरवतो.

फाइली घ्यायला आल्यावर बाईंनी रेकॉर्ड्स विकण्याबद्दल विचारले. व्हर्टिगोच्या मूळ प्रतींना संग्राहक चांगली किंमत देतात हे सांगणे माझे कामच होते. त्यांनी क्रेसिडा आणि टी-टू विकायला काढल्या, आणि उरलेल्या तीन रेकॉर्ड्स घरी नेल्या, कारण त्यांच्या मुलाला ‘सातोरी’चे कव्हर आवडले होते.