वीस मीटर तार आणि एक आवकचा शिक्का

मुंबईत मोकळ्यावर जाऊन हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने चालवायचं बिनतारी केंद्र, चालवायचा असेल तर अँटेनाच्या आधी मैदानाच्या वॉचमनची तयारी करा. अँटेना एका संध्याकाळी तयार झाली. वॉचमनला दाखवायचा कागद मिळेपर्यंत अख्खा हिवाळा गेला. अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकतोय.

बाहेर जायचं कारण साधं आहे, घरात काही ऐकूच येत नाही. लिफ्टची मोटर, घरोघरचे एलईडी दिवे, चार्जर, या सगळ्यांची मिळून चाळीस मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा हॅमचा पट्टा) एस-९ खरखर, म्हणजे चांगल्या जोरदार सिग्नलइतकी. पुण्याचा हॅमवाला कॉल देऊन थकतो आणि मला नुसतं तळण ऐकू येतं. गच्चीवर कायमची अँटेना लावू द्यायला सोसायटी तयार नाही. तो वाद मी घातलाच नाही.

मग एंड-फेड, म्हणजे एका टोकाला रेडिओ जोडायची तारेची अँटेना, बनवली. ७ मेगाहर्ट्‌झसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार, साधारण २० मीटर. तीच तार १४, २१ आणि २८ वरही चालते. तारेच्या टोकाला इम्पीडन्स (रेडिओच्या सिग्नलला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या घरात जातो, रेडिओला हवा ५०, म्हणून मध्ये ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर: फेराइटच्या कड्यावर एकीकडे २ वेढे, दुसरीकडे १४. कडं लॅमिंग्टन रोडला मिळालं, तार लोहार चाळीत. तार आधी हातभर जास्तच ठेवा. एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली ते सांगणारा आकडा) बघत टोक मागे दुमडत जा, कापायची घाई नको. मैदानात उंची बदलली की आकडा पुन्हा हलतो.

आता मैदान. पश्चिम उपनगरातलं, समुद्राकडून वारं येणारं, सकाळी चालणारे आणि दुपारी रिकामं. रेडिओ बाकावर ठेवतोय तोच वॉचमन आला. "साहेब, वायर नाही टाकायची इथे." मी लायसन्स दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "हे दिल्लीचं आहे. मैदानाचं आणा."

मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या मॅडमनी विचारलं, "शूटिंग आहे?" नाही. "मंडप?" नाही. "लाउडस्पीकर?" नाही. "मग फॉर्म कुठला देऊ?" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांच्याकडे तेवढेच फॉर्म होते. पण "मग परवानगी लागत नाही असं लिहून द्या" म्हटल्यावर त्यांनी असं बघितलं, जणू मी त्यांची सहीच मागितली होती. साहेबांना भेटा म्हणाल्या. साहेबांनी अर्ज वाचला आणि 'तार' या शब्दाखाली रेघ मारली. तार म्हणजे वीज, म्हणून विजेच्या विभागात जा. तिथे कळलं की यात वीजच नाही, पण झाडाला बांधणार असाल तर झाडांच्या विभागात जा. झाडांच्या विभागाने विचारलं, खिळा मारणार का? दोरीसुद्धा फांदीवर टाकणार नाही, फायबरची सात मीटरची गळाची काठी आहे, ती बाकाला बांधीन, असं सांगितल्यावर ते खूश झाले आणि म्हणाले, मग आमचा संबंधच नाही. परत साहेब. साहेब म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न आहे, कोणाशी बोलणार तुम्ही?

तेव्हा मला उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ आठवला, 'छोडो भारत'च्या वेळचं ते गुप्त केंद्र. ऑगस्ट १९४२, हीच मुंबई, तरंगलांबी ४२.३४ मीटर. हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे थेट आमच्या चाळीस मीटर बँडात! पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून ती मंडळी जागा बदलत राहायची. मी स्वतःहून पत्ता, वेळ, नकाशा घेऊन दारात उभा, तर मला कोणी घेईना.

सुटका केली ती आवक-जावकच्या टेबलावरच्या भाऊंनी. माझी फाइल बघून म्हणाले, "परवानगी मागितलीत की कोणाला तरी ती द्यावी लागते. मागू नका. नुसतं कळवा." नवा अर्ज लिहायला लावला. विषय: हौशी रेडिओ केंद्राच्या वापराबाबत. एक माणूस, एक बारीक तार, बॅटरीवर चालणारा ५ वॉटचा संच, खड्डा नाही, खिळा नाही, वीजजोडणी नाही. शेवटी 'माहितीसाठी सविनय सादर'. दोन प्रती, सोबत लायसन्सची झेरॉक्स. एका प्रतीवर धप्पकन आवकचा शिक्का, नंबर, तारीख. झाली पोच.

वॉचमनने शिक्का बघितला, आत काय लिहिलंय ते वाचलंही नाही, आणि मला सावलीतला बाक दाखवला. खरखर जवळजवळ गायब. पहिल्याच कॉलला नाशिक, मग गोवा. त्या दिवशी मी घरी पोचेपर्यंत सगळ्यांना फोन करून सांगत होतो, लपवत नाही.

राहिलेलं: अर्ज लिहायच्या आधी घराबाहेरून स्टेशन चालवण्याबाबत आपल्या लायसन्सच्या अटी काय आहेत ते नीट वाचा. तारेचं मोकळं टोक हाताला लागेल असं ठेवू नका, ५ वॉटवरही तिथे शंभरएक व्होल्ट असतात आणि पोरं येऊन धरतात. संक्रांतीच्या सुमारास तर त्यांना तो मांजाच वाटतो. विजेच्या तारांखाली काठी उभी करायचीच नाही, आणि मे अखेरीस ढग गडगडायला लागले की गुंडाळून निघा. बारीक तार दिसत नाही, तिला लाल रिबिनीचे तुकडे बांधा, चालणारे आजोबा अडकतात.

आणि पोचेची मूळ प्रत घरी ठेवा, मैदानात रंगीत झेरॉक्स न्या. शिक्क्यावर तारीख असते. जानेवारी उलटला की वॉचमन ती बरोबर वाचतो.