एकोणीस कॅन, पाच उपवास

आमच्याकडे कोटांच्या कपाटाच्या दारामागे बुटांची एक झोळी लटकते. पारदर्शक प्लास्टिकचे चोवीस कप्पे आणि वर टांगायला तीन आकडे. बूट त्यात कधी राहिलेच नाहीत. एकेकटे मोजे, संपलेले सेल, भारतातून आणलेली आणि इथे कुठल्याच भोकात न बसणारी प्लगची टोपणं, असा सगळा संसार तिच्यात होता. गेल्या नोव्हेंबरात मी ती रिकामी केली, ओल्या फडक्यानं पुसली, कप्प्यांवर १ ते २४ आकडे चिकटवले आणि आत वाईनचे कॅन भरले.

आम्ही ऑरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला राहतो. डिसेंबरात इथे साडेचारलाच दिवेलागण होते. पाऊस असतोच, पण आपल्यासारखा बदाबदा कोसळून मोकळा होणारा नाही, दिवसभर कुरकुरणारा. अशा महिन्यात माणसाला संध्याकाळी उघडायला काहीतरी लागतं. इथल्या लोकांचा त्यावरचा उपाय म्हणजे ॲडव्हेंट कॅलेंडर. १ डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज एक छोटं दार उघडायचं. जर्मनीतल्या गेर्हार्ड लांग नावाच्या गृहस्थांना लहानपणी त्यांची आई पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ शिवून द्यायची. त्या आठवणीवरून त्यांनी १९०८ च्या सुमारास म्युनिकमध्ये छापील कॅलेंडर काढलं, असं सांगतात. आता त्या दारांआड चॉकलेटपासून चीजपर्यंत काय वाटेल ते सापडतं. वाईनही.

एका वर्षी मी दुकानातलं वाईनचं कॅलेंडर आणलं होतं. चोवीस चिमुकल्या बाटल्या, चोवीस वेगळी नावं. नवव्या दिवशी नवरा म्हणाला, ‘‘ही कालचीच आहे.’’ परवाचीही तीच होती, लेबलं तेवढी बदलत होती. तेव्हाच ठरवलं की पुढचं कॅलेंडर घरी करायचं, आणि तेही छोट्या बागायतदारांच्या कॅनचं.

कॅनच का, तर आमच्या घरात पिणारे दोघं, आणि तेही बेताचे. साडेसातशे मिलिलिटरची बाटली उघडली की ती संपवायची जबाबदारी येते. मग उरलेली फ्रिजच्या दारात आठवडाभर उभी राहते आणि शेवटी रश्श्यात जाते. कॅन एक तर अडीचशेचा, नाहीतर पावणेचारशेचा, म्हणजे अर्धी बाटली. दोघांना सव्वा-सव्वा पेला. संपला विषय. शिवाय रिकामी काचेची बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि रिकामा कॅन जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम. लांबच्या बागेतून वाहून आणताना हा फरक कळतो.

विलमेट खोरं आमच्यापासून तासाभराच्या आत सुरू होतं. पिनो न्वार या नाजूक, लहरी द्राक्षाचं हे माहेरघर नाही, सासर म्हणा. डेव्हिड लेट यांनी १९६५ मध्ये इथे पहिल्यांदा ती वेल लावली तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आज खोऱ्यात शेकडो वायनऱ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा घरगुती. अशा लोकांकडे कॅन भरायचं यंत्र कुठून असणार? ते ट्रकवरून येतं. आपल्याकडे मळणीयंत्र या शेतातून त्या शेतात जायचं, अगदी तसंच. सकाळी येऊन अंगणात मांडायचं, दिवसभरात भरून-मिटवून द्यायचं, संध्याकाळी पुढच्या गावाला. एका बागेत आम्हाला ते चालू असताना बघायला मिळालं. झाकण बसायच्या आधी प्रत्येक कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजनचा एकेक थेंब टपकतो. त्याची वाफ होऊन हवा बाहेर जाते आणि आतून दाब येतो, नाहीतर तो कागदासारखा पत्रा हातातच चेपला असता. छापील कॅन घ्यायचे तर ते ढिगानं घ्यावे लागतात, तेवढे काही या माणसांना परवडत नाहीत. म्हणून कोरा चंदेरी कॅन आणि वर कागदी लेबल, बऱ्याचदा जरा तिरकं. ते तिरकं लेबल दिसलं की मला बरं वाटतं. चिवड्याच्या घरगुती पिशवीवर हातानं लिहिलेली तारीख असते ना, तसं.

आणि आत काय असेल याचा नेम नसतो. बाटलीत भरायला धजले नसते असे प्रयोग हे लोक कॅनमध्ये भरतात. दोन द्राक्षांची खिचडी, गाळ न काढलेली गढूळ पांढरी, रस काढून झालेल्या चोथ्यावर पाणी घालून पुन्हा आंबवलेली हलकी ‘पिकेट’. ही पिकेट म्हणजे मूळची युरोपातल्या शेतमजुरांची. पन्हं संपल्यावर त्याच भांड्यात पाणी विसळून पोरांना द्यावं, त्यातला प्रकार. मला ती फार आवडते.

तर अशी सप्टेंबरपासून जमवाजमव चालली होती, आणि ऑक्टोबरात सासूबाई आल्या.

सासूबाई निफाडच्या. माहेर द्राक्षाचं, सासर द्राक्षाचं. आयुष्यात वाईनचा थेंब घेतलेला नाही, पण द्राक्षाबद्दल त्यांच्यासमोर बोलताना जपून बोलावं लागतं. आम्ही त्यांना याच खोऱ्यातल्या डंडीच्या टेकड्यांवर एका बागेत नेलं. तोडणी उरकली होती, पण वेलींवर चुकार घड होते. त्यांनी एक मणी चिमटीत धरला, बोटानं मापला. ‘‘हा दहा एमएमसुद्धा नाही गं. आमच्याकडं अठराच्या खाली कंटेनरमध्ये घेत नाहीत.’’ मग तोंडात टाकला, दोन बिया तळहातावर काढल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, ‘‘पण चव आहे.’’ छाटणी वर्षातून एकदाच, तीही हिवाळ्यात, हे ऐकून त्यांना इथल्या शेतकऱ्यांचा हेवा वाटला. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. माती मात्र त्यांनी दोनदा उचलून पाहिली. ती तांबडीलाल होती. हीसुद्धा लाव्हाच्याच खडकाची, आपल्या सह्याद्रीसारखीच बेसाल्टची, असं नवऱ्यानं सांगितलं. ‘‘मग आमची काळी कशी?’’ या प्रश्नाला तो अजून उत्तर शोधतोय.

वाईनच्या द्राक्षाचा विषय त्यांच्या घरी जरा दुखरा आहे. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशकात वायनऱ्यांची लाट आली, तेव्हा त्यांच्या दिरांनीही दोन एकर वाईनची द्राक्षं लावली. काही वर्षं बरी गेली. मग मंदी आली, कारखान्यानं माल उचलला नाही आणि दिरांनी वेली उपटून पुन्हा थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, लावली. वाईनचं द्राक्ष बाजारात खायला कोण घेणार? आता आपल्याकडेही अकलूजच्या फ्राटेलीची ‘टिल्ट’, नाशिकच्या सुलाची ‘दिया’ कॅनमध्ये मिळते. पण ती मोठ्या घरची लेकरं. दोन एकरवाल्याच्या अंगणात भरणीचा ट्रक यावा, एवढं काही तेव्हा जमलं नाही.

झोळी पारदर्शक, म्हणून मी कॅन जुन्या दिवाळी अंकांच्या पानांत गुंडाळत बसले होते. सासूबाई समोर वाती वळत होत्या. ‘‘सरस्वती आहे ती,’’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ‘‘आई, जाहिराती आहेत नुसत्या, सोन्याच्या आणि मसाल्यांच्या.’’ त्यांनी एक पान उचलून खात्री करून घेतली. मग नजर भिंतीकडे गेली. तिथे त्यांनी येताना बॅगेतून आणलेलं कालनिर्णय लटकत होतं.

‘‘एक तारखेपासून म्हणालीस ना? एक तारखेला मोक्षदा एकादशी आहे.’’

मी आकडे लावत होते ती थांबले.

‘‘आणि चारला दत्तजयंती. गुरुवारच आहे, मार्गशीर्षातला. अकराला गुरुवार, अठराला गुरुवार. पंधराला पुन्हा एकादशी.’’

इथल्या पंचांगात तिथी एखादा दिवस मागेपुढे होते, असं नवऱ्यानं सुचवून पाहिलं. त्यावर त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला. चोवीसातून पाच गेले, उरले एकोणीस. तुम्ही पिऊ नका असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्या पाच कप्प्यांत राजगिऱ्याचे लाडू होते, तेही दिवाळी अंकाच्याच कागदात गुंडाळलेले.

अठ्ठावीस नोव्हेंबरच्या रात्री झोळी पडली. एकोणीस भरलेले कॅन म्हणजे सहा-सात किलो वजन, आणि टांगायचे आकडे चपलांच्या हिशेबानं केलेले. तो आवाज ऐकून नवरा क्रिकेटची बॅट घेऊन खाली धावला. फुटलं काहीच नाही, हा कॅनचा मोठेपणा. तीन-चार पोचे तेवढे आले, लाडवांचा भुगा झाला. नवीन झोळी जाड खिळ्यांवर टांगली, लाडू पुन्हा वळले गेले.

कॅलेंडरची खरी गंमत पाच तारखेला आली. एका पांढऱ्या वाईनचा कॅन होता. टिचकी वाजवून उघडला आणि मी नाक मागे घेतलं. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘गंधक!’’

आठ-दहा पावलांवरून. बागेत भुरी पडू नये म्हणून गंधक मारण्यात आणि बेदाण्याला गंधकाची धुरी देण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांचं नाक ते. हात पुसत बाहेर आल्या, कॅन उलटापालटा करून पाहिला, नखानं टिचकी मारली. ‘‘हे तर जर्मनचं भांडं. जर्मनच्या भांड्यात आंबट ठेवतात का कधी?’’

आणि बाकी सगळं सोडा, रसायनशास्त्र हेच म्हणतं. ॲल्युमिनियम आणि आम्ल यांचं जमत नाही, म्हणून कॅनला आतून प्लास्टिकचा अगदी पातळ थर दिलेला असतो. ताक-चिंच असती तर तेवढ्यावर भागलं असतं. पण वाईन टिकावी म्हणून तिच्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो. तो त्या थरातून हळूहळू झिरपून धातूला भिडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. कॉर्नेल विद्यापीठात यावर बरंच संशोधन झालंय. उपाय साधे आहेत. भरतानाच सल्फर डायऑक्साइड बेतानं ठेवायचा आणि कॅन मुरवत ठेवायचा नाही. लोणचं मुरतं, बाटलीतली वाईनही मुरते, पण कॅन आणला की वर्षाच्या आत उघडावा. हा बिचारा कोणाच्या तरी फळीवर जास्त दिवस राहिला असणार.

दुसरा उपाय तांब्याचा. तांबं हा वास धरून ठेवतं. मी नुसतं देव्हाऱ्याकडे बघितलं तर ‘‘पळीला हात लावायचा नाही’’ असा हुकूम आला. मग नवऱ्यानं त्यांचा पाण्याचा तांब्या सुचवला, तर, ‘‘आंबट घालून कळकवायचाय का तो?’’ शेवटी त्यानं हत्यारांच्या पेटीतून तांब्याची जाड तार काढली, सोलली, घासूनपुसून चकचकीत केली आणि पेल्यात ढवळली. अर्ध्या मिनिटात वास गेला. खाली राहिली ती नासपतीच्या सालीसारखी, किंचित तुरट आणि स्वच्छ वाईन. सासूबाईंनी पेल्यावर वाकून वास घेतला, मान हलवली आणि कांदाभजी टाकायला आत गेल्या. इतकी चांगली जोडी त्या महिन्यात दुसरी जमली नाही. रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, आणि थालीपीठ दुसऱ्या नंबरवर.

पेला म्हणजे स्टीलचाच. इथल्याच युनियन वाईन कंपनीनं २०१४ च्या सुमारास अंडरवुड नावाची वाईन कॅनमध्ये आणली, तेव्हा त्यांचं ब्रीद होतं ‘पिंकीज डाऊन’. म्हणजे ग्लास धरताना करंगळी वर काढायचा नखरा नको. ती कंपनी आता छोटी राहिलेली नाही, पण ब्रीद मला पटलं. तसंही स्टीलच्या पेल्यावर करंगळी वर काढली तर माणूस औषध घेतल्यासारखा दिसतो. तज्ज्ञ मंडळी म्हणतील की काच हवी, रंग दिसायला हवा. असेल. माझ्या स्टीलच्या पेल्यात लाल, पांढरी आणि पिकेट एकसारख्याच दिसतात, त्यामुळे जिभेला जरा काम पडतं.

रोज संध्याकाळी पाचला आम्ही तिघं झोळीसमोर उभे राहू लागलो. आकडा सासूबाईच वाचायच्या आणि कागदही त्याच सोडायच्या, हलक्या हातानं, न फाडता. कागद घडी घालून बाजूला, कॅन आमच्याकडे. मग जाहिरात मोठ्यानं वाचायची. आम्ही पिकेट पीत असताना त्या पैठणीचे जुने भाव सांगत. उपवासाच्या दिवशी लाडवाचे तीन भाग. त्यातली अठरा तारीख मला सगळ्यात जास्त आठवते, कारण त्या दिवशी वीज गेली होती आणि लाडू आम्ही मेणबत्तीच्या उजेडात खाल्ला. वाईनची आठवणसुद्धा झाली नाही, असं म्हणणार होते, पण झाली होती.

चोवीसला शेवटचा कॅन उघडला. साधीच पिनो न्वार, तिरक्या लेबलाची.

सव्वीसला सासूबाईंनी मोरीजवळची पिशवी बाहेर काढली. एकोणीस रिकामे कॅन, सगळे विसळून उपडे घातलेले. ऑरेगनात १९७२ पासून बाटल्या-डबे परत दिले की पैसे मिळतात, सध्या नगाला दहा सेंट. वाईनचे कॅन त्यात २०२५ च्या जुलैपासूनच धरायला लागले. हे माझ्याआधी त्यांना ठाऊक होतं, शेजारच्या आजींकडून. दुकानाबाहेरच्या यंत्रात त्यांनी एकेक कॅन स्वतः घातला. अठरा गेले. एकोणिसाव्याचं कागदी लेबल फ्रिजच्या ओलाव्यानं सुटलं होतं, यंत्राला त्याच्या रेघा वाचता येईनात. तीनदा घातला, तीनदा बाहेर. पावती आली एक डॉलर ऐंशीची.

रात्री निफाडच्या जावेशी फोन चालू होता. मी भांडी लावत होते.

‘‘इथं रिकामे डबे परत घेतात बाई, आणि पैसे देतात. एकोणीस नेले, पण एकाचे दहा सेंट बुडाले... अगं, कसले म्हणजे काय...’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

‘‘सोड्याचे.’’