जुनी काचेची भट्टी, तिचं बिल आणि प्रदर्शनातला स्टॉल: माझा अनुभव

काचेच्या फ्युजिंगसाठी, म्हणजे काचेचे तुकडे भट्टीत तापवून एकमेकांत वितळवून जोडण्यासाठी, जुनी भट्टी घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच सांगते. विकणाऱ्याकडून सही केलेला कागद घ्या आणि त्यावर भट्टीच्या पाटीवरचा सिरीयल नंबर लिहून घ्या. भट्टी कशी पारखायची ते पुढे सांगतेच, पण मला जो मनस्ताप झाला तो भट्टीने दिलेला नाही, भट्टी उत्तम निघाली. मनस्ताप दिला तो एका प्रदर्शनाच्या फॉर्मने, आणि तोही हा कागद माझ्याकडे असताना.

मी पुण्यात धायरीला छोटा गाळा भाड्याने घेऊन काम करते. प्लेट, बाऊल, नेमप्लेट, खिडकीत टांगायचे सनकॅचर असं सगळं. आधीची भट्टी जेवणाचं ताट जेमतेम मावेल एवढीच होती, साध्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर चालायची. मोठी हवी होती आणि नवीन बाहेरून मागवायची म्हणजे जहाजाचं भाडं, ड्युटी, क्लिअरिंगवाल्याचे पैसे, ते काही झेपणारं नव्हतं.

आपल्याकडे काचेची भट्टी अशी जाहिरात फारशी दिसतच नाही. पॉटरीवाल्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस, बंद पडलेल्या लॅबचं सामान विकणारे, असं सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं. त्यात पॉटरी किल्न, म्हणजे मातीकामाच्या भट्ट्या, बऱ्याच निघतात आणि लोक विचारतात की ती चालेल का. चालते, पण पॉटरीच्या भट्टीत कॉइल बाजूच्या भिंतीत असतात, काचेला उष्णता वरून, झाकणातून मिळाली तर बरी, कारण आपण काच आडवी पसरून ठेवतो आणि बाजूने तापवलं की कडा आधी तापतात, मधला भाग मागे राहतो आणि मोठा पीस तडकतो. मग खूप सावकाश तापवावं लागतं. एक फायदा मात्र आहे, पॉटरीची भट्टी १२०० अंशांच्या वर जाणारी असते आणि आपलं फुल फ्युज, म्हणजे काच पूर्ण वितळून एकजीव होणं, ८०० च्या आसपास होतं, त्यामुळे कॉइलवर ताण कमी येतो.

मला मिळाली ती नाशिकच्या एका काकांकडे. रिटायर झाल्यावर छंद म्हणून त्यांनी काचकाम केलं होतं, आता मुलीकडे परदेशी निघाले होते. वरून तापणारी, थ्री फेज, ६ किलोवॅटची. फोनवरच म्हणाले, "अगं, चालू करून दाखवतो, तापलेली बघ आणि मगच पैशाचं बोल." असा विकणारा मिळणं हे नशीबच.

तरी मी माझ्या पद्धतीने बघितली. मल्टीमीटर घेऊन गेले होते. कॉइल जुनी झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो आणि भट्टी रडतखडत तापते. हिशोब सोपा आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर ३ किलोवॅटची भट्टी असेल तर साधारण साडेसतरा ओहम यायला हवेत, त्याच्या बरेच वर आले तर कॉइल बदलायचा खर्च किमतीतून कापून मागा. थ्री फेजला प्रत्येक फेजची कॉइल वेगळी मोजायची. मग काचेच्या एकसारख्या पट्ट्या कापून नेल्या होत्या, त्या चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये ठेवली आणि भट्टी तापवली. थंड झाल्यावर सगळ्या पट्ट्यांच्या कडा सारख्याच गोल झालेल्या हव्यात. एखाद्या कोपऱ्यातली कड अजून धारदार असेल तर तिथे उष्णता पोचत नाही. काकांच्या भट्टीत पुढच्या बाजूच्या एका पट्टीची कड किंचित कमी गोल होती, बाकी अगदी सारख्या. यासाठी एक रात्र नाशिकला राहावं लागलं कारण भट्टी थंड व्हायला वेळ लागतोच, घाईने झाकण उघडायचं नसतं. पण तेवढं कराच.

विटांना केसासारख्या बारीक चिरा असतात, त्याला घाबरू नका. कॉइल ज्या खाचेत बसते तिथला तुकडा निघालेला असेल तर मात्र विचार करा. आतून पांढरी लोकरीसारखी सिरॅमिक फायबर असेल तर मास्क लावल्याशिवाय हात लावू नका. आणि टेम्पोत चढवताना कॉइलला अजिबात धक्का नको, एकदा तापलेली कॉइल थंड असताना ठिसूळ असते, वाकवायला गेलं की तुटते. आम्ही शेल्फ बाहेर काढून वेगळे बांधले आणि झाकणाखाली फोम भरला. भट्टी धायरीला सुखरूप आली. थ्री फेजचं मीटर गाळ्यात आधीच होतं त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

काकांनी स्वतःच्या अक्षरात पत्र लिहून दिलं, अमुक कंपनीची भट्टी, सिरीयल नंबर अमुक, एवढ्या रकमेला विकली, रक्कम बँकेत मिळाली, सही, तारीख. माझ्या मते खासगी व्यवहाराला याहून जास्त काय हवं?

आता प्रदर्शन. हस्तकलेचं, मोठ्या शहरातलं, नाव घेत नाही. फॉर्म ऑनलाइन. पहिल्याच पानावर 'कलाप्रकार' निवडायचा होता. यादीत कापड, भरतकाम, माती, लाकूड, धातू, बांबू, दागिने, चित्रकला, चामडं. काच नाही! 'इतर' निवडलं तर पुढे 'होम डेकोर व गिफ्ट' असं आपोआप येतं, आणि त्या गटाला स्टॉलचं भाडं व्यापाऱ्याच्या दराने. म्हणजे मी स्वतः काच कापून, रचून, भाजून केलेली प्लेट आणि कोणीतरी घाऊक बाजारातून आणलेलं शोपीस एकाच रांगेत. ज्या महाराष्ट्रात १९०८ साली लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जमवलेल्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, लोकमान्य टिळकांनी ज्याच्यामागे उभं राहून बळ दिलं, जिथे ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला प्रभाकर कंदील घराघरात होता, तिथल्या हस्तकलेच्या फॉर्ममध्ये काचेला एक ओळ नसावी याचं मला आजही वाईट वाटतं.

फोन केला. ज्या मॅडम बोलल्या त्या नीट बोलल्या, पण त्यांचं म्हणणं एकच, "काच म्हणजे फिरोजाबादचा माल ना? तो आणून विकणारेच येतात आमच्याकडे." मी म्हटलं, मॅडम, फिरोजाबादलाही भट्टीसमोर माणसंच उभी असतात, आणि माझं काम तर मी एकटी करते. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग स्वतः बनवता याचा पुरावा जोडा, गट बदलून देऊ. पुरावा म्हणजे काय तर उपकरणाच्या खरेदीचं टॅक्स इनव्हॉइस, जीएसटी नंबरसकट.

इथून खरी कटकट सुरू झाली. मी काकांचं पत्र अपलोड केलं. 'डॉक्युमेंट अमान्य.' पत्रासोबत बँकेचं स्टेटमेंट जोडलं, तरी अमान्य. कारण लिहायची पद्धतच नाही, नुसता लाल शिक्का. पुन्हा फोन, या वेळी दुसरंच कोणीतरी, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगा. ते म्हणाले, "विकणाऱ्याकडून बिल बनवून घ्या ना, त्यात काय एवढं." मी म्हटलं, अहो, ते रिटायर गृहस्थ आहेत, त्यांचं दुकान नाही, त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही. ज्याचं रजिस्ट्रेशन नाही तो टॅक्स इनव्हॉइस देऊच शकत नाही, जीएसटी लावूच शकत नाही, कायद्यानेच मनाई आहे. घरातलं जुनं कपाट विकलं तर आपण जीएसटीचं बिल देतो का? तर म्हणे सिस्टीममध्ये तेच मागितलंय.

एका ओळखीच्याने सुचवलं की एखाद्या भंगारवाल्याकडून बिल फाडून घे, शंभरजण तसंच करतात. मी नाही केलं. भट्टी काकांची होती, बिलावर दुसऱ्याचं नाव कशाला? आणि खोटं बिल लावून हस्तकलेच्या प्रदर्शनात उभं राहायचं हे मनाला पटेना.

दरम्यान फॉर्मवर 'विचाराधीन' एवढंच दिसायचं. रोज सकाळी उठून तेच बघायचं. पॉटरीवाल्या एका मैत्रिणीला त्याच प्रदर्शनात लगेच होकार आला, तिनेही चाक आणि भट्टी जुनीच घेतलेली, पण यादीत 'माती' आहे म्हणून तिला कोणी काही विचारलंच नाही! म्हणजे कागद फक्त ज्याच्या कलेला नाव नाही त्याच्याकडून. मला राग आला तो याचा. स्टॉलची संख्या मर्यादित, जो गट आधी भरतो तो भरतो, आणि तुम्ही मात्र एका अशक्य कागदासाठी बाहेर उभे.

शेवटी मी फोन करणं बंद केलं आणि ऑफिसात जाऊन बसले. सोबत फाईल नेली होती ती अशी: काकांचं पत्र, यावेळी नाशिकला ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून कुरिअरने पाठवलेलं, बिचाऱ्यांनी जायच्या गडबडीत माझ्यासाठी एवढं केलं. बँकेतून रक्कम गेल्याची नोंद. भट्टीवरच्या पाटीचा फोटो, ज्यात सिरीयल नंबर स्वच्छ वाचता येतो. गाळ्याचा भाडेकरार. आणि मोबाईलवर काढलेला एक सलग व्हिडिओ, मध्ये कुठेही न कापलेला: कोरी काच, तिच्यावर कटरची रेघ, टक्कन तुटणारा तुकडा, रचना, भट्टीत ठेवणं, मग कॅमेरा हळूच पाटीवर नेऊन नंबर दाखवणं.

तिथे एक वयस्कर सर होते, निवड समितीचं काम बघणारे. त्यांनी व्हिडिओ पूर्ण बघितला, पत्रावरचा नंबर आणि व्हिडिओतला नंबर बोट ठेवून जुळवला. मग विचारलं, "थंड किती वेळ करता?" मी सांगितलं, बुल्सआय कंपनीची काच असेल तर आतला ताण निघावा म्हणून ४८२ अंशांवर थांबवते, जाडीप्रमाणे वेळ, नंतर सावकाश खाली. त्यांनी मान डोलावली आणि शेजारच्या मुलाला म्हणाले, हिचा गट बदल. बस. जे काम फॉर्मने अडवून धरलं होतं ते एका माणसाने नंबर जुळवून संपवलं. जिना उतरताना मला रडू आलं, आनंदाने आणि थकून दोन्ही.

म्हणून सांगते, तो व्हिडिओ आजच काढून ठेवा. मी नंतर जिथे जिथे अर्ज केला तिथे तोच लावला.

बाकी कागदांचं पटकन सांगते. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून मिळणारं कारागीर ओळखपत्र, पहचान कार्ड म्हणतात ते, नक्की काढा, दिल्ली हाटसारख्या ठिकाणी स्टॉल मागायला तेच लागतं. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांमध्ये काचकाम नाही, तिथे वेळ घालवू नका. बचत गटात असाल तर सरस प्रदर्शन आणि पुण्यातली भीमथडी जत्रा बघा. मुंबईत काळा घोडा फेस्टिव्हलला स्टॉलसाठी अर्ज करता येतो, तिथे काच बघायला आणि घ्यायलाही लोक थांबतात. हिवाळ्यातल्या बऱ्याच प्रदर्शनांचे फॉर्म खूप आधी, पावसाळ्यातच सुरू होतात, दिवाळीनंतर जागे झालात तर उरलेला कोपरा मिळतो.

स्टॉलवर वीज किती मिळणार ते आधी विचारा, काचेला मागून उजेड नसेल तर ती मेलेली दिसते. मी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकमागे एलईडी पट्ट्या लावल्या. काळा कपडा मागे लावू नका, पारदर्शक रंग त्यात गिळले जातात.

एक राहिलंच. जुन्या भट्टीबरोबर लोक उरलेली काचही देतात, काकांनीही दिली. लेबल नसलेली काच आपल्या काचेत सरळ मिसळू नका, ९० सीओईची आणि ९६ ची (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) एकत्र भाजली की आज नाही तर महिन्याने तडा जातो, आणि तो गिऱ्हाइकाच्या घरी जातो. आधी ओळखीच्या पारदर्शक काचेवर छोटा तुकडा भाजून बघा. मग लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण पांढरा करा, त्याच्यासमोर तो तुकडा धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा, गॉगल फिरवत स्क्रीन काळा पडेपर्यंत आणायचा. जोडाच्या भोवती पांढरी झळाळी दिसली तर आत ताण आहे, ती काच बाजूला काढा.

माझी छोटी भट्टी मी नंतर कोल्हापूरच्या एका मुलीला विकली. तिने मागायच्या आधीच पाटीचा फोटो, सिरीयल नंबरसकट सही केलेलं पत्र, माझ्या आधारची प्रत आणि मी लिहिलेली भाजण्याच्या वेळापत्रकाची वही असं सगळं एका पाकिटात घालून दिलं. तिच्यासमोर पट्ट्या ठेवून भट्टी तापवूनही दाखवली. तिने आता फॉर्म भरायला घेतलाय, आणि तिच्याही फॉर्ममध्ये काच नाहीये.