आडोसा

फिजीच्या राजधानीत, सुव्यात, पाऊस आला की कुणी धावत नाही. कमिंग स्ट्रीटवर एका दुपारी साड्यांच्या दुकानांवरून चाललो होतो. रस्त्यावर गर्दी होती. सर आली आणि सगळी माणसं फक्त एक पाऊल आत सरकली, बोलणं न तोडता पुन्हा चालू लागली. दुकानांच्या पुढे फुटपाथवर छपरं काढलेली आहेत, एकाला लागून दुसरं. जिथे छप्पर संपतं तिथे लोक उभे राहतात. घड्याळ बघत नाहीत, आभाळाकडेही बघत नाहीत. उभे राहतात, बस्स.

मला हे फार आवडलं, कारण मी छत्री वापरत नाही.

छत्रीवाल्यांशी माझं भांडण नाही. पण छत्रीवाल्याचा एक हात कायमचा गुंतलेला. समोरच्याच्या गुडघ्याच्या वर त्याची नजर जात नाही. आणि मुख्य म्हणजे तो कुठे थांबत नाही. मग पाऊस पडून उपयोग काय?

चिपळुणात दर जूनमध्ये वडील मला काळी छत्री आणायचे आणि पांढऱ्या ऑइलपेंटने तिच्यावर आडनाव घालून घ्यायचे. म्हणजे हरवली तरी परत येईल. ती कधीच परत आली नाही, आणि मला त्याचं दुःखही झालं नाही. शाळा सुटली की बाजारपेठेतल्या एका भुसारी दुकानाच्या ओट्यावर आमचा मुक्काम. पागोळ्यांचा पडदा पडलेला, आत गूळ, रॉकेल आणि ओल्या गोणपाटाचा वास. शेजारी पाच-सात मोठी माणसं. ती मुलांना मोजत नसत, त्यामुळे सगळं बोलत. कोणाचं कूळ कोर्टात गेलं, कोणाचा मुलगा मुंबईहून पैसे पाठवेनासा झाला, गणपतीला यंदा कोण येणार नाही. दुकानदार मधूनच मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवायचा, न बघता. घरी गेल्यावर आई विचारी, "इतका वेळ कुठे होतास?" मी म्हणे, "पाऊस होता." तिला ते पटायचं. कोकणात हे उत्तर पटतं.

सुव्यातही पटतं. आमच्याकडे चार महिन्यांत जेवढा कोसळतो, जवळपास तेवढाच पाऊस सुव्यात पडतो, तीनेक हजार मिलिमीटर. फक्त तो बारा महिन्यांवर वाटलेला. त्याच बेटाच्या पश्चिमेला नांदी आहे, तिथे डोंगराआड पाऊस कमी. म्हणून विमानं तिथे उतरतात, रिसॉर्ट तिकडे, पर्यटक तिकडे. फिजीची राजधानी बघायला मुद्दाम कोणी येत नाही. मीही आलो होतो विद्यापीठातल्या कामासाठी, काही महिने. लौथाला बे इथलं हे विद्यापीठ १९६८ साली निघालं, न्यूझीलंडच्या हवाई दलाच्या जुन्या तळावर. तिथे पूर्वी पाण्यावर उतरणारी विमानं असत. आता पोरं छपराखालून छपराखाली वर्गाला जातात.

खरं तर हे गाव राजधानी झालं तेच ऊस न लागल्यामुळे. मेलबर्नच्या एका कंपनीने अमेरिकनांचं देणं भागवण्याच्या बदल्यात राजा थाकोंबाऊकडून इथली जमीन घेतली. १८७० मध्ये ऑस्ट्रेलियातून लोक आले. कापूस लावला, तो गेला. ऊस लावला, १८७२ मध्ये साखरेची गिरणीही घातली, पण माती पातळ, तेही गेलं. उरलेल्या जमिनीचं करायचं काय? तिकडे जुनी राजधानी लेव्हुका डोंगर आणि समुद्र यांच्यात चेपलेली, वाढायला जागा नव्हती. १८८२ मध्ये सरकार सुव्याला आलं. त्या गिरणीवाल्या जोस्केच्या नावाने बंदरापलीकडे एक सुळका आहे, जोस्केचा अंगठा. आपल्या खंडाळ्याला ड्यूकचं नाक, इथे जोस्केचा अंगठा. साहेब जाईल तिथल्या डोंगराला आपला एखादा अवयव देऊन ठेवायचा.

हा अंगठा मला बरेच दिवस दिसला नाही, त्याला कारण बस. नव्या गावात मी कुठल्याही बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जातो, ही माझी दुसरी खोड. सुव्याच्या बऱ्याच बसला काचा नाहीत. खिडक्यांवर ताडपत्रीच्या गुंडाळ्या असतात. सर आली की ज्याने त्याने आपल्यापुरती ताडपत्री सोडायची, थांबली की गुंडाळायची. कोणी कोणाला सांगत नाही. आत अंधार, हिंदी गाण्याला रेगेचा ठेका लावलेला, आणि तो छातीत वाजेल इतका मोठा. तामावुआच्या चढावरून बंदर फार सुरेख दिसतं असं सगळे म्हणत. मी वर जाईपर्यंत ताडपत्री हटकून खाली. शेजारच्या बाईंच्या मांडीवर दालोची जुडी, तिच्या देठांतून माझ्या पँटवर पाणी. शहर बघून झालं.

दालो म्हणजे आपल्या अळूचाच कंद. बस स्टँडला लागूनच सुव्याची मंडई आहे, तिथे तो देठासकट बांधून विकतात. त्याची पानं वेगळी, त्यांना रोउरोउ म्हणायचं, आणि ती नारळाच्या दुधात शिजवतात. चिंच नाही, गूळ नाही, शेंगदाणे नाहीत. फदफद्याची सवय असलेल्या माणसाला पहिल्या घासाला काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागते. दुसऱ्या वाटीला लागत नाही. मंडईत वजनकाटा फारसा दिसत नाही, ढीग असतात. भेंडीचा ढीग, वांग्यांचा ढीग, पुठ्ठ्यावर भाव. घासाघीस कोणी करत नाही. माझ्या तोंडाशी "लावून द्या की" आलेलं परत जायचं. पण पैसे दिले की विकणारी बाई वर एक वांगं आपणहून टाकते. वरच्या मजल्यावर यांगोनाची मुळं आणि त्यांची पूड. ती पाण्यात कालवून नारळाच्या करवंटीतून पितात, टाळ्या वाजवून. चव गढूळ पाण्याची, जीभ बधिर होते, आणि मग संध्याकाळभर कोणालाच कुठे जायचं नसतं.

मंडईच्या शेजारीच धक्का. मोठी क्रूझ जहाजं लागली की पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं उतरतात, आणि संध्याकाळी परत चढतात. त्यांच्यासाठी म्यूझियममध्ये खलाशांच्या बंडामुळे गाजलेल्या बाऊंटी जहाजाचं सुकाणू आहे. १९१४ चं ग्रँड पॅसिफिक हॉटेल आहे. समोर अल्बर्ट पार्क, तिथे १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियन वैमानिक किंग्सफर्ड स्मिथने हवाई बेटांवरून येऊन विमान उतरवलं, मैदानातली झाडं त्यासाठी तोडावी लागली होती. सुव्याचे लोक संध्याकाळी तिथेच जातात, पण हॉटेलाला पाठ करून कठड्यावर बसतात. चणे-वाटाण्याची पुडी आणि समुद्र. फोटो काढत नाहीत.

तर कमिंग स्ट्रीट. छप्पर संपत होतं तिथे एक आजी उभ्या होत्या. दुकानातली पोरं त्यांना आजीच म्हणत होती, फिजीत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. मलाही वेगळं काही शिकावं लागलं नाही. "कहाँ जाता?" त्यांनी विचारलं. म्हटलं, कुठेच नाही. हे उत्तर त्यांना बरोबर वाटलं असावं, कारण पुढे सुरूच झाल्या. त्यांचे आजा बस्ती जिल्ह्यातून कलकत्त्याला आणि तिथून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथे आलेले. १८७९ ते १९१६ या काळात ६० हजारांहून अधिक माणसं अशी आली, कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईहून एकही जहाज नाही, त्यामुळे त्या पत्र्याखाली मी तसा पाहुणाच होतो. त्यांच्या मुली सिडनीला, मुलगा ऑकलंडला.

पाऊस वाढला. त्यांनी मान मागे वळवून दुकानाकडे दाखवलं आणि २००० साल सांगितलं. १९ मे. संसदेत बंदूकधारी शिरले, पंतप्रधानांनाच ओलीस धरलं, आणि इकडे बाजारात दुकानं फुटली, पेटली. "सब लूट लिस." कपड्यांचे तागे खांद्यावर टाकून माणसं याच फुटपाथवरून गेली म्हणाल्या. त्यातली काही तोंडओळखीची. नंतर परत गिऱ्हाईक म्हणूनही आली, आणि दुकानदाराने मापून कापडही दिलं. आवाज चढवला नाही त्यांनी. १९८७ च्या लष्करी बंडानंतर देश सोडून जायला लागलेली भारतीय वंशाची माणसं त्यानंतर आणखी गेली. मुली तेव्हाच गेल्या. तुम्ही नाही गेलात? तर म्हणाल्या, तिकडे थंडी फार.

त्यांच्या पलीकडे एक उंच फिजियन माणूस मघापासून उभा होता. आजींच्या दोन जड पिशव्या त्याने आपल्या पायाशी, कोरड्यात ओढून घेतल्या होत्या. तो आमचं ऐकत होता की नाही, त्याला हिंदी येत होतं की नाही, कळलं नाही. बऱ्याच जणांना येतं.

आता कोणी विचारतं, कामासाठी सुव्याला जातोय, बघण्यासारखं काय आहे? मी म्यूझियम सांगतो. हॉटेल सांगतो. चांगल्या कपड्यांत निघालेल्या माणसाला, छत्री घरी ठेवा आणि साडीच्या दुकानापुढे अर्धा तास उभे राहा, हे कसं सांगणार?